बर्फावरचा तोल: हात नव्हे, घोटा

पातं लावलेले स्केटिंगचे बूट घालून बर्फावर पहिल्यांदा पाऊल ठेवलं की माणूस गुडघे ताठ करतो, कमरेतून पुढे झुकतो, हात पसरतो आणि मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत राहतो. ओल्या फरशीवर चालताना याच सवयी आपल्याला वाचवतात. बर्फावर त्याच पाडतात, कारण तिथे पाय जागेवर थांबणारच नसतो, सरकत्या पायावर उभं राहायचं असतं. गुडघा ताठ असला की पाय पुढे निघून जातो आणि धड मागे राहतं. कमरेतून वाकलं की वजन बोटांवर जातं आणि पात्याच्या टोकाचे दात बर्फात रुततात. मग हात कितीही हलवले तरी उपयोग नाही. तोल सावरण्याचं काम घोटा आणि गुडघा करतात. हातांचं काम खांद्यांची दिशा सांभाळण्याचं.

पुढचं सगळं फिगर स्केटिंगच्या बुटांना धरून आहे. आइस हॉकीच्या बुटाचं पातं साधारण 3 मिमी जाड आणि दोन्ही टोकांना वर वळलेलं असतं, त्यामुळे जरा मागे रेललं की टाचेखाली आधारच उरत नाही. फिगरचं पातं सुमारे 4 मिमी जाड, टाचेच्याही थोडं मागे गेलेलं आणि पुढे दात असलेलं. या दातांना टो पिक म्हणतात. रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, भाड्याने दोन्ही मिळत असतील तर मोठ्यांनी फिगरचे घ्यावेत. मुलं हॉकीचेच मागतात. घेऊ द्या, ती जमिनीच्या जवळ असतात.

पातं नीट बघून घ्या

पात्याची खालची बाजू सपाट नसते. धार लावणारा दगड तिच्यात लांबीभर एक उथळ पन्हळ कोरतो आणि त्या पन्हळीच्या दोन बाजूंना दोन कडा उरतात: अंगठ्याकडची आतली, म्हणजे इनसाइड एज, आणि करंगळीकडची बाहेरची, म्हणजे आउटसाइड एज. पन्हळीची त्रिज्या बहुतेकांसाठी अर्धा इंच ठेवतात. त्रिज्या कमी केली की पन्हळ खोल होते, कडा जास्त चावतात आणि थांबताना पातं आडवं घसरायला कुरकुरतं. नवशिक्याने धार लावून घेताना 'खोल करा' असं सांगू नये.

दुसरा बाक लांबीच्या दिशेने असतो. पातं टोकापासून टाचेपर्यंत किंचित कमानदार असतं, साधारण 7 किंवा 8 फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा समजा. म्हणून कुठल्याही क्षणी त्याचा काही सेंटिमीटर भागच बर्फाला टेकलेला असतो. कुठला भाग टेकवायचा हे वजन पुढे-मागे करून तुम्ही ठरवता, आणि बर्फावरचं तंत्र म्हणजे बहुतांशी हेच ठरवणं. पुढे जाताना वजन पायाच्या मध्याच्या किंचित मागे हवं. मागे जाताना आणि वळताना ते चवड्याखाली येतं. बोटांवर ते कधीच नको.

भाड्याचे बूट हातात पडले की अंगठ्याचं नख कडेवर आडवं ओढून बघा. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे. नख नुसतंच सरकलं तर जोडी बदलून मागा. बोथट पात्यावर पाय बाजूला निसटतो आणि दोष आपल्या तोलाचा वाटतो. बुटाचा घोट्याचा भाग दाबून मऊ पडला असेल तरीही बदला. तसा बूट पाय आतल्या बाजूला पाडतो, आणि एका पायावर उभं राहणं अशक्य करून टाकतो.

बूट आणि नाड्या

स्वतःचे बूट घेणार असाल तर पायाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. रोजच्या बुटांचा नंबर सांगून घेतलेले स्केट जवळपास नेहमीच मोठे निघतात. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवले की ती किंचित मागे यावीत, आणि टाच मुळीच उचलली जाऊ नये. मोजा एकच आणि पातळ. थंडी म्हणून दोन लोकरीचे मोजे चढवले की पाय बुटात हलतो, घोट्याची हालचाल पात्यापर्यंत पोहोचत नाही, आणि घाम धरल्याने पाय उलट जास्त गार पडतात.

नाड्या बांधण्याआधी टाच जमिनीवर दोनदा आपटून बुटात मागे बसवा. बोटांपाशी नाड्या सैलसर. तिथे आवळल्या की दहा मिनिटांत तळव्यात पेटके येतात. पाऊल जिथे घोट्याकडे वर वळतं त्या दोन-तीन जोड्या मात्र घट्ट ओढा, टाच तिथेच पकडली जाते. वरच्या हुकांवर पुन्हा जरा ढील, इतकी की पोटरीच्या मागे एक बोट शिरावं. सगळ्यात वरचा हुक करकचून आवळणं ही फार पसरलेली चूक आहे. त्याने सुरक्षित वाटतं, पण घोटा पुढे वाकत नाही. घोटा वाकला नाही की गुडघा वाकत नाही, आणि मग शरीर कमरेतून वाकतं.

आपल्याकडे एक सोपी परीक्षा करता येते. टाचा न उचलता उकिडवं बसता येत असेल तर तुमच्या घोट्यात पुरेशी लवचीकता आहे. येत नसेल तर भिंतीकडे तोंड करून अंगठा भिंतीपासून 10 सेंमी ठेवा आणि टाच टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावा. लागला नाही तर बर्फावर जाण्याच्या आधीचे काही आठवडे याच व्यायामाला द्या. कमोड आणि खुर्चीच्या सवयीने ही लवचीकता बऱ्याच जणांची गेलेली असते.

उभं राहणं, पडणं

पावलं कमरेच्या रुंदीइतक्या अंतरावर, एकमेकांना समांतर. गुडघे एवढे वाकवा की खाली नजर टाकली तर गुडघ्यांमुळे बुटाचं टोक दिसणार नाही. एकदा बघून खात्री करा आणि मग खाली बघणं बंद. नडगीला बुटाची जीभ दाबलेली जाणवली पाहिजे. ती जाणीव गेली की समजा गुडघे सरळ झालेत. पाठ उभी, हात कमरेच्या उंचीवर शरीराच्या जरा पुढे, दोन्ही तळवे नजरेच्या कोपऱ्यात दिसतील असे. नजर समोरच्या कठड्यावर. डोकं जड असतं, ते खाली गेलं की खांदेही जातात.

पडायला आधी शिकावं, तेही उभ्या जागी. गुडघे आणखी वाकवत खाली बसत जा आणि एका बाजूच्या कुल्ल्यावर, मांडीच्या बाहेरच्या भागावर टेका. हनुवटी छातीकडे, मुठी मिटलेल्या. मागे हात टेकून पडणं टाळायचं, कारण सगळं वजन पसरलेल्या मनगटावर येतं आणि स्केटिंगमध्ये मनगट मोडतं ते बहुतेक असंच. बोटं पसरून बर्फावर ठेवली तर मागून येणाऱ्याच्या पात्याखाली सापडू शकतात, म्हणून हातमोजे नेहमी हवेत. उठताना दोन्ही गुडघे आणि हात टेका, एक पाऊल दोन्ही हातांच्या मध्ये आणून पातं सपाट ठेवा, हात त्या गुडघ्यावर घ्या आणि वर या. कठडा धरून उठायची सवय लावलीत तर रिंकच्या मध्यभागी पडल्यावर पंचाईत होते. हेल्मेटबद्दल कॅनडात वाद उरलेला नाही: तिथल्या स्केट कॅनडा या संघटनेच्या, नवशिक्यांसाठीच्या कॅनस्केट वर्गात पाचवी पायरी पार होईपर्यंत सीएसए या मानक संस्थेचं प्रमाणित हॉकी हेल्मेट सक्तीचं आहे. मोठ्यांनीही हा नियम उसना घ्यायला हरकत नाही.

रिंकवर मुलांना ढकलायला आधाराचा पेंग्विनच्या आकाराचा पुतळा किंवा लोखंडी चौकट देतात. पहिल्या पंधरा मिनिटांची भीती घालवायला ठीक, त्यापुढे नुकसानच. चौकटीवर भार टाकला की वजन पुढे हातांवर जातं, आणि ती काढून घेतल्यावर मूल पहिलं तोंडावरच येतं.

एका पायावर

दोन पायांवर घसरता येणं म्हणजे स्केटिंग येणं नव्हे. सगळं पुढचं तंत्र एका पायावर घडतं, दोन पाय फक्त आलटूनपालटून वापरले जातात. म्हणून घाई करायची असेल तर इथे यायची करा, आणि इथून पुढे जायची मात्र करू नका.

आधी वेग हवा, त्यासाठी स्विझल. टाचा जवळ, बोटं बाहेर, गुडघे वाकवा आणि दोन्ही आतल्या कडांवर दाब देत पाय बाहेर जाऊ द्या. पाय खांद्यांहून जरा रुंद झाले की बोटं आत वळवा आणि गुडघे सरळ करत पाय जवळ आणा. बोटं उशिरा वळवली तर पाय फाकतच जातात आणि माणूस अवघडून थांबतो.

मग दोन पायांवर घसरत असताना कंबर हळूच उजवीकडे न्या, उजव्या पायाच्या बरोबर वर. नाक, गुडघा आणि बुटाचं टोक एका उभ्या रेषेत आले की डावा पाय आपोआप हलका होतो. तेव्हाच तो उचला, घोट्याच्या उंचीपर्यंतच. बहुतेक जण उलटं करतात: आधी पाय उचलतात आणि मग वजन सरकवू बघतात. वजन मध्येच राहतं आणि उचललेला पाय लगेच खाली आपटतो. दुसरा दोष म्हणजे उचललेल्या बाजूची कंबर खाली ढासळणं. तिसरा, खांदा मागे जाणं. खांदा वळला की थोड्या वेळाने पातंही त्याच्यामागे वळतं आणि सरळ जायचं म्हटलं तरी गिरकी लागते. दोन्ही तळवे समोर दिसत राहिले की हा तिसरा दोष होत नाही.

तीन सेकंद स्थिर जमलं की अंतर वाढवा. डावा-उजवा दोन्हीकडे फरक असणारच, कच्च्या पायाला दुप्पट वेळ द्या. घरी हाच सराव अनवाणी करता येतो: एका पायावर, गुडघा वाकवून, अर्धा मिनिट, जमलं की डोळे मिटून. गुडघा ताठ ठेवून केलेला सराव बर्फावर कामाला येत नाही.

चालना द्यायची ती पात्याच्या बाजूने. मागचा पाय सुमारे 45 अंश बाहेर वळवा आणि आतल्या कडेच्या पूर्ण लांबीने बर्फ मागे-बाहेर ढकला. बर्फ शेवटी सोडावा तो चवड्याने. धावताना जसा अंगठ्याने रेटा देतो तसा इथे दिला की टो पिक टोचतो, खर्र आवाज येतो आणि वेग उलट कमी होतो.

थांबण्यासाठी आधी स्नोप्लाऊ. बोटं किंचित आत, गुडघे वाकलेले, टाचा बाहेर ढकला, आणि पातं जवळपास उभं ठेवा. यातली मेख इथेच आहे. पातं आत कलंडलं की आतली कड चावते आणि दोन्ही टोकं एकमेकांवर चढतात. उभं राहिलं तर ते बर्फाचा कीस काढत आडवं घसरतं. कठडा धरून एका पायाने नुसता कीस काढून बघा. पायाला तो घसारा कळला की वेगात थांबणं हा फक्त हिमतीचा प्रश्न उरतो.

वर्तुळ

हॉकीच्या रिंकवर रंगवलेल्या मोठ्या वर्तुळांची त्रिज्या सुमारे 4.5 मीटर असते. कडा शिकायला याहून चांगली जागा नाही. वर्तुळावर एका पायाने जायचं, शरीर वर्तुळाच्या मध्याकडे कललेलं, पण कलणं घोट्यापासून डोक्यापर्यंत एका रेषेत. कमरेत मोडून डोकं आत काढलं तर पातं उलट सरळ होतं आणि वर्तुळ सुटतं.

किती कलायचं, हे वेग ठरवतो. 4.5 मीटर त्रिज्येवर सेकंदाला 3 मीटर वेग असेल तर समतोलासाठी झुकाव सुमारे साडेअकरा अंश लागतो. 4 मीटरला तो 20 अंशांवर जातो. पण सेकंदाला दीड मीटर, म्हणजे जरा भराभर चालण्याचा वेग असेल तर जेमतेम 3 अंश. घाबरत हळू जाणारा नवशिका चित्रात बघितल्यासारखं झुकायला जातो आणि आत कोसळतो, ते यामुळे. कडा जमत नसतील तर बऱ्याचदा दुखणं तंत्रात नसून वेगात असतं.

आतली कड लवकर येते, कारण चुकलंच तर दुसरा पाय त्याच बाजूला टेकायला तयार असतो. बाहेरच्या कडेवर करंगळीच्या पलीकडे झुकावं लागतं आणि तिकडे सावरायला काहीच नसतं. शरीर नकार देतं. तेव्हा कठड्याशेजारी उभं राहून घोटा करंगळीकडे कलवा आणि पाय तसाच धरून ठेवा, मग वर्तुळावर दोन पायांनी कलून फिरा, मग आतला पाय ठेवून बाहेरचा उचला. आतला पाय म्हणजे वर्तुळाच्या मध्याकडचा. तो बाहेरच्या कडेवरच असतो.

वर्तुळावर पाय ओलांडत जाण्याचा क्रॉसओव्हर या बाहेरच्या कडेवर उभा आहे. उलट्या घड्याळाच्या दिशेने जाताना डावा पाय बाहेरच्या कडेवर, उजवा आतल्या. उजवा डाव्यावरून पलीकडे ठेवायचा हे सगळ्यांना दिसतं. वेग मात्र येतो डाव्यामुळे, तो उजव्याखालून बाहेरच्या कडेने वर्तुळाबाहेर ढकलत जातो. नुसता पाय ओलांडला तर ते वर्तुळात चालणं झालं. खालच्या पायाची टाच आधी उचलली गेली की टो पिक अडकतो, म्हणून पूर्ण पातं टेकलेलं असेपर्यंत ढकला.

थ्री-टर्नमध्ये एका पायावर पुढून मागे वळतात आणि बर्फावर इंग्रजी 3 सारखी खूण उमटते. बाहेरच्या कडेवर वाकलेल्या गुडघ्याने सुरुवात करा, कमरेवरचं अंग वळणाच्या दिशेने आधी फिरवा, मग गुडघा जरा सरळ करत वजन चवड्याखाली आणा. पातं स्वतः वळतं. वळताक्षणी गुडघा पुन्हा वाकवा आणि खांदे उलट दिशेने रोखा. हे रोखणं विसरलं की मागे जाण्याऐवजी गोल फिरत राहता. मोकळा पाय झटकून वळण आणणारे खूप असतात. पुढे उड्या शिकताना तीच सवय सोडवताना नाकीनऊ येतात.

खुणा वाचा

दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ म्हणजे यंत्राने बर्फ गुळगुळीत केल्यानंतरची पहिली काही मिनिटं. त्यावर एक वर्तुळ काढा आणि मागे वळून खूण बघा. एकच बारीक रेघ म्हणजे कडेवर होतात. दोन समांतर रेघा म्हणजे पातं सपाट होतं. रेघेपुढे ओरखडे किंवा खड्ड्यांची रांग म्हणजे वजन पुढे गेलं. रेघ मध्येच जाड आणि खरवडलेली म्हणजे तिथे कड सुटून पातं आडवं घसरलं. शिक्षकाला जे सांगायला वेळ लागतो ते इथे लिहिलेलं असतं.

एके काळी परीक्षाच याची होती. कंपल्सरी फिगर्स या प्रकारात स्केटर बर्फावर ठरावीक आकृत्या काढत आणि परीक्षक वाकून रेघा तपासत. 1968 पर्यंत एकूण गुणांपैकी 60 टक्के यावर असत. ऑस्ट्रियाची ट्रिक्सी शुबा 1972 साली ऑलिंपिक विजेती झाली ती या आकृत्यांच्या जोरावर. 1990 नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हा प्रकार गेला, कारण टीव्हीवर तो बघवत नसे. शिकणाऱ्याचं त्यात नुकसान झालं, असं माझं मत आहे.

पुण्या-मुंबईत इनलाइन स्केटिंग, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या बुटांचं स्केटिंग, करून बर्फावर येणाऱ्यांना एका पायाचा तोल आणि क्रॉसओव्हर आयते मिळतात. लेहच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत महाराष्ट्राची मुलं शॉर्ट ट्रॅकमध्ये, म्हणजे बर्फावरच्या वेगाच्या शर्यतीत, पदकं घेतात, ती याच पायावर. त्यांची अडचण थांबण्यात येते. चाक आडवं सहज सरकत नाही, त्यामुळे पातं उभं करून आडवं घसरवण्याची सवयच नसते. शिवाय कडांमधला फरक पुसट असतो. चाक गोल, पातं दुधारी. अशांनी स्विझल वगळले तरी चालेल, पण स्नोप्लाऊ आणि वर्तुळावरच्या बाहेरच्या कडेला भरपूर वेळ द्यावा. सिमल्याच्या रिंकसारख्या नैसर्गिक बर्फावर सकाळ आणि संध्याकाळच्या सत्रांतला फरकही ध्यानात ठेवा. ऊन लागलेला बर्फ मऊ पडतो आणि पातं खोल रुततं.

एवढं करूनही एखादाच पाय सतत आतल्या कडेवर कोसळत असेल, दुसरा मात्र ठीक असेल, तर बूट उलटा करून पातं कुठे बसवलंय ते बघा. नव्या बुटांना पातं आधी लांबट खाचांमधल्या मोजक्या स्क्रूंनी तात्पुरतं लावतात, ते यासाठीच. पाय आत पडत असेल तर पातं एखाद-दोन मिलिमीटर आतल्या बाजूला सरकवून घ्यायचं, बाहेर पडत असेल तर बाहेरच्या. वर्तुळावर दोन्ही कडा तपासा, पुन्हा सरकवा, आणि पाय सरळ उभा राहायला लागला की मगच उरलेल्या भोकांत कायमचे स्क्रू घालायला सांगा.